केळणेपासून गंगेपर्यंत

२३ सप्टेंबर १८०३. केळणा नदीच्या दक्षिणेला आर्थर वेलस्लीची फौज आणि उत्तर काठावर दौलतराव शिंदे नि नागपूरकर रघूजी भोसले यांचा अफाट सेनासंभार. इंग्रजांकडे प्रत्यक्ष लढायला सुमारे साडेचार हजार माणसं होती. समोर एकट्या कवायती पायदळाचा आकडा दहा हजारांच्या घरात, तोफा शंभराच्या आसपास, आणि घोडदळ तर नजर पोचेल तिथवर पसरलेलं. केळणेचे काठ उभे. या बाजूला नदीला उतार नाही, असं वाटाडे ठामपणे सांगत होते. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे एक गाव दिसलं आणि जवळजवळ त्याच्या समोर, पलीकडच्या काठावर, दुसरं. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. इतकी शेजारी वसलेली दोन गावं एकमेकांकडे ये-जा करत नसतील, हे त्याला पटेना. त्याने माणूस पाठवून खात्री करून घेतली. उतार होता.

पुढे जे घडलं त्याला इतिहासात असईची लढाई म्हणतात. असई हे गाव जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. तिथे केळणा आणि जुई या दोन नद्या एकमेकींकडे सरकत येतात आणि मधे जमिनीची एक निमुळती पट्टी उरते. वेलस्ली नदी ओलांडून या पट्टीत शिरला. त्याला मराठा फौजेच्या बगलेवर घाला घालायचा होता. पण शिंद्यांच्या पलटणींचा हॅनोव्हेरियन सेनानी पोलमन याने आपली सगळी रांग काटकोनात फिरवून पूर्वेकडे तोंड करून उभी केली. इतकी मोठी रांग रणात फिरवणं हे उत्तम कवायतीचं काम होतं आणि शिंद्यांच्या पलटणींनी ते बिनचूक केलं. तरीही पट्टी निमुळतीच राहिली. एका हाताला केळणा, दुसऱ्या हाताला जुई, त्यामुळे एवढं मोठं सैन्य पसरायला जागाच मिळाली नाही. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. इंग्रजांची रांग पुढे निघून गेल्यावर, मेल्यासारखे पडलेले काही जण उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून मागून मारा केला. इंग्रजांकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १५८४ जण झाले; लढाईत उतरलेल्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. संध्याकाळपर्यंत ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या होत्या. वर्षअखेरीस, ३० डिसेंबरला, शिंद्यांना सुर्जी-अंजनगावच्या तहावर सही करावी लागली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीला म्हातारपणी कुणी विचारलं, की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर तो असईचंच नाव घ्यायचा.

असईची चर्चा आपल्याकडे बहुधा फितुरी, कवायत आणि तोफा यांच्याभोवती फिरते. त्या मुद्द्यांना वजन आहेच. पण त्या दिवशीचा पहिला निर्णय नदीने घेतला होता, आणि तोही एका अशा नदीने, जिचं नाव जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.

नदी आणि समुद्र इतिहास घडवतात असं म्हटलं, की डोळ्यांपुढे नाईल येते, सिंधू येते, कोकणची गलबतं येतात. परतूर तालुक्यातलं वाटूर कुणाच्या मनात येणार नाही. वाटूर फाटा म्हणजे जालना, मंठा आणि परतूर या तीन दिशांना फुटणाऱ्या रस्त्यांचं ठिकाण. समुद्र इथून सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. दक्षिणेला दुधना, उत्तरेकडे मंठ्याच्या पलीकडे पूर्णा, आणि दोन्हींच्या पात्रात उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळू आणि खडकच जास्त. भोकरदनकडून येणारी केळणा जाफराबादला पूर्णेत मिसळते, दुधना पुढे परभणी जिल्ह्यात पूर्णेला मिळते, आणि पूर्णा कंठेश्वरजवळ गोदावरीत जाते. गोदावरीला मराठवाड्यात कुणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगा. तिच्या काठचा पट्टा तो गंगथडी.

ही गंगा त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असतो. तिकडे पाठ फिरवून ती पूर्वेला वळते आणि १४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. दख्खनचं पठार पश्चिमेला उंच आणि पूर्वेला कललेलं असल्यामुळे तिला दुसरा मार्गच नव्हता. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातून एक विलक्षण भूगोल आला. पाणी पूर्वेच्या समुद्राकडे जातं, व्यापार मात्र घाट उतरून पश्चिमेच्या समुद्राकडे जायचा. या दोन ओढींच्या मधे इथल्या गावांनी दोन हजार वर्षं काढली आहेत.

पुराने दिलेला निकालही याच टापूने पाहिला आहे. असईच्या चाळीस वर्षं आधी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदेच्या दक्षिण काठावर राक्षसभुवनला पेशवे आणि निजाम यांची गाठ पडली. राक्षसभुवन बीड जिल्ह्यात येतं. गंगा ओलांडली की जालना जिल्हा. निजामअली पुणे जाळून परतत होता. नदी भरात. सैन्याचा एक भाग घेऊन तो पैलतीरी पोचला, पण त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच अडकला. अठरा वर्षांच्या माधवरावाने नेमकी ती वेळ साधली. लढाईत राघोबादादा वेढले गेले, माधवरावाने त्यांना सोडवलं, विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम समोरच्या काठावरून हे सगळं होताना पाहत राहिला. मधलं पाणी ओलांडायची सोय त्याच्यापाशी नव्हती. पानिपतनंतर दोन-अडीच वर्षांत मराठी राज्य पुन्हा उभं राहिलं ते या लढाईमुळे, असं इतिहासकार मानतात, आणि त्यात गंगेच्या श्रावणातल्या पुराचा वाटा मोठा आहे.

वेलस्लीने हे नीट ओळखलं होतं. नगरचा किल्ला घेतल्यावर त्याने १८०३ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी ओलांडली ती वेताच्या, कातडं मढवलेल्या टोपलीवजा होड्यांतून. मराठा घोडदळाचं बळ वेगात होतं, आणि भरलेल्या नद्या वेग मारतात. म्हणून पावसाळ्यातली मोहीम आपल्याला सोयीची, असा त्याचा हिशोब होता. होड्या बांधायला लागणारं सामान त्याने आधीच जमवलं होतं.

सेनापतींची नावं पुस्तकात येतात. पण वर्षभर, लढाई नसतानाही, माणसांना नदीपार नेणारे लोक वेगळे होते. मराठवाड्यात हे काम बव्हंशी भोयांचं. पालखी आणि मेणा खांद्यावर वाहणं, नाव हाकणं, मासे धरणं आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावणं, ही सगळी कामं एकाच समाजाकडे असणं योगायोगाचं नव्हतं. पाण्याची खोली, वाळूचा भरवसा, ओढीची दिशा, कुठला डोह मे महिन्यातही आटत नाही आणि कुठला खडक पुरात जागा बदलतो, हे ज्ञान चारही धंद्यांना लागायचं. नाव नसेल तिथे वाळलेले भोपळे बांधून सांगड करायची, किंवा गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडायची. काहिलीतून नदी ओलांडल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या पुरांत अजूनही येतात. असईला उतार नाहीच, असं वाटाड्यांनी इंग्रजांना सांगितलं. तो ठिकाणावर होता आणि आसपासच्या गावांना ठाऊक असणार, एवढं मात्र पीपलगाव आणि वारूर यांच्या वसण्यावरूनच सिद्ध होतं. नदीकाठचं ज्ञान बहुतेकदा असंच राहतं. ज्याला हवं त्याने विचारावं लागतं, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याचं नाव कुणी टिपून ठेवत नाही.

याच केळणेच्या काठी, असईपासून फार दूर नाही, भोकरदन आहे. आज ते तालुक्याचं गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते भोगवर्धन नावाचं नांदतं नगर होतं. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनचे लोक आहेत. दान दगडावर कोरून घेण्याइतका पैसा त्यांच्यापाशी होता. १९७३ च्या सुमारास शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने इथे उत्खनन केलं. सातवाहन काळातल्या मणी-बांगड्यांबरोबर तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्तींचे अवशेषही मिळाले, आणि त्यांनी अभ्यासकांचं लक्ष थेट इटलीकडे वळवलं.

कारण तशीच एक मूर्ती तिथे आधी सापडली होती. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये पाँपेई शहर राखेखाली गाडलं. १९३८ मध्ये त्या राखेतून, एका घरातून, सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती मूर्ती निघाली. भरगच्च दागिने, पाठीवर लांब वेणी, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. पहिल्यांदा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता यक्षी मानतात. ती मथुरेकडची असावी असा सुरुवातीचा अंदाज होता. भोकरदन आणि तेर इथल्या मूर्तींशी तिचं साम्य दिसल्यावर म. के. ढवळीकरांनी मांडलं, की ती भोकरदनच्या परिसरात घडली असावी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. केळणेकाठच्या एखाद्या कारागिराचं काम ज्वालामुखीच्या राखेत एकोणीस शतकं जपलं गेलं असेल, ही शक्यताच अंगावर काटा आणणारी आहे. जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत तिचं एक चित्र भिंतीवर असायला हवं.

ती तिथवर पोचली कशी? पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेरणाकाठचं तेर, असं तो सांगतो. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून तलम कापड बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला जायचं. जवळची वाट नाणेघाटातून उतरून कल्याण आणि सोपाऱ्याकडे जाणारी. बंदरात पोचलेला माल मोसमी वाऱ्यांवर निघायचा: नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर जहाजं इकडे यायची, हिवाळ्यात वारा उलटला की परतायची. जो पाऊस केळणेला पूर आणतो, तोच वारा अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांना भडोचला आणायचा. शेतकरी आणि नाखवा एकाच आभाळाकडे बघत होते.

पैठणच्या सातवाहनांचं पूर्वेच्या समुद्रावरही लक्ष होतं. श्रीयज्ञ सातकर्णीच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, आणि ही नाणी प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावर मिळतात, म्हणजे गंगा जिथे समुद्राला जाते त्या बाजूला.

चित्रकलेत हा समुद्र आणखी ठळकपणे उतरला. केळणा आणि जुई ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेतून येतात, त्याच रांगेत वाघुर नदीने दगड कापून घोड्याच्या नालाच्या आकाराचं वळण केलं आणि त्या वळणावर लेणी कोरली गेली. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. पूर्ण भिक्षू झाला; त्याचा भाऊ चंदनाची लाकडं घेऊन जहाजाने निघाला आणि वादळात सापडला; पूर्णाने त्याला वाचवलं. चित्रातल्या जहाजाला तीन उंच डोलकाठ्या आहेत, नाळेवर डोळे रंगवलेले, मागे सुकाणूची वल्ही आणि फलाटावर रांजण. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत बसून पाचव्या शतकातल्या चितारीने हे तपशील टिपले. त्याने जहाज स्वतः पाहिलं असेल किंवा ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून बारकाईने विचारून घेतलं असेल. भारतीय नौदलाने प्राचीन पद्धतीचं शिवलेलं जहाज बांधायचं ठरवलं, तेव्हा जुने आराखडे कुठेच नव्हते. आधाराला अजिंठ्याचं चित्र घ्यावं लागलं. गोव्यात लाकडी फळ्या काथ्याच्या दोरांनी शिवून बांधलेलं हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. त्याचं नाव ‘कौंडिण्य’. समुद्राने मराठवाड्याला दिलेलं चित्र पंधराशे वर्षांनी समुद्राला उपयोगी पडलं.

वेरूळच्या कैलास लेण्यात गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन नद्यांच्या मूर्ती एका दालनात उभ्या आहेत. गंगा मगरीवर, यमुना कासवावर, सरस्वती कमळावर. दख्खनच्या राजांना उत्तरेच्या नद्या आपल्या अंगणात हव्या होत्या. सामान्य माणसाला मात्र दारातली नदीच गंगा वाटली. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त गोदावरी पुन्हा पुन्हा येते, ती देवी म्हणून कमी आणि भेटीगाठीची जागा म्हणून जास्त: तिचे काठ, झाडी, पूर, तिच्याकडे पाणी भरायला निघालेल्या बायका. पैठणच्या एकनाथांच्या चरित्रातला सर्वांत सांगितला जाणारा प्रसंगही नदीच्या पात्रातलाच. भर उन्हात तापलेल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्य मानलेल्या घरचं पोर त्यांनी उचलून कडेवर घेतलं. नदीच्या वाळूवर कुणाची मालकी नव्हती, सगळ्या जातींची माणसं तिथे येत होती. असा प्रसंग वाड्याच्या ओटीवर घडला नसता. १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला तोही याच पाण्यात, आणि फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला आजही लाखोंची गर्दी लोटते.

अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे. टेकडीचा आकार माशासारखा दिसतो, म्हणून देवीचं हे नाव, असं लोक सांगतात. तालुक्याला पाऊस बेताचा, समुद्र कोसो दूर, आणि कुलदैवताच्या नावात मासा. अंबडच्या जुन्या बारवा अहिल्यादेवी होळकरांच्या नावाशी जोडल्या जातात. दगडी पायऱ्यांनी पाण्यापर्यंत नेणाऱ्या या बारवा बघितल्या, की पाणी कमी असलेल्या मुलखाने पाण्याला किती मान दिला ते कळतं.

आता मासेमारी. इथे गोष्ट सर्वांत वेगाने बदलली आहे आणि तिच्याकडे लक्ष सर्वांत कमी गेलं आहे.

जुन्या नदीत मासा स्वतः यायचा. मरळ, वाम, शिवडा, शिंगटी, झिंगे आणि खेकडे. पहिल्या पुराबरोबर मासे वरच्या अंगाला चढायचे, काठावरच्या उथळ पाण्यात अंडी घालायचे, आणि पाणी ओसरलं की उरलेले डोहांत जाऊन उन्हाळा काढायचे. डोह हे नदीचं बियाण्याचं कोठार होतं. त्याला वाळू लागते. वाळू पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि पुढचे महिने हळूहळू डोहात सोडते. पूर्णा, दुधना आणि गोदावरीच्या पात्रांतून गेल्या काही दशकांत वाळूचा जो उपसा झाला, त्याने पात्रं खरवडली गेली. डोह आटले, टरबुजाच्या वाड्या गेल्या, आणि मासा ज्या पाण्यात मे महिना काढायचा ते पाणीच राहिलं नाही. वाळूची चोरी म्हटली की सरकारचा बुडालेला महसूल मोजला जातो. भोयाचं बुडालेलं पोट कुठल्याच पंचनाम्यात येत नाही, हे फार चुकीचं आहे.

दुसरा बदल धरणांचा. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे, १०२ टीएमसींहून अधिक साठा. नाथसागर हे नाव त्याला शोभतं. मधोमध पाहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. दुधनेवर सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना प्रकल्प झाला. पूर्णेवर खडकपूर्णा आणि येलदरी, जुईवर दानापूरचं धरण. गावांना प्यायला पाणी मिळालं, ऊस झाला, मोसंबी वाचली. भोयांना नदीच्या जागी तलाव मिळाला.

पण रोहू, कटला आणि मृगळ यांसारखे मोठे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, अंडी घालत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं पाणी लागतं. अंडी पोटात तयार होतात, पुराची खूण मिळत नाही आणि ती तशीच जिरून जातात. यावर उपाय निघाला तो ओडिशात. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूजवळच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. भारतातली गोड्या पाण्यातली बहुतांश मत्स्यशेती त्या सुईवर उभी आहे, आणि १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. केंद्रात तयार होतं ते आधी मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेते, बोटुकली विकत आणून सोडते, राखण करते आणि वर्षभराने जाळं टाकते. नदीतला भोई शिकारी होता; तलावातला भोई बी पेरणारा झाला. पेरणारा झाला म्हणजे शेतकऱ्याची सगळी जोखीम त्याच्या अंगावर आली, मात्र शेतकऱ्याचा सातबारा नाही.

त्यात चिलापी येऊन मिसळली. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो, पिल्लं तोंडात सांभाळतो आणि दुसऱ्यांची जागा व्यापतो. जाळ्यात तो भरपूर मिळतो, त्यामुळे गरिबाच्या ताटात मासा पोचला, हे खरं. पण बाजारात रोहू-कटल्याएवढा भाव त्याला येत नाही, आणि मरळ-वामीचं प्रमाण घटत गेलं.

नाव हाकण्याचा धंदा पुलांनी संपवला. होड्याही बदलल्या. मराठवाड्यातल्या तलावांवर आता थर्माकोलचे तुकडे प्लॅस्टिकने बांधलेला तराफा दिसतो. एक माणूस त्यावर बसतो, हातात वल्ह्यासारखं काहीतरी, आणि भल्या पहाटे जाळं उचलायला निघतो. उलटला तर सावरायला जवळ कुणी नसतं. २०२२ मध्ये गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं जायकवाडीच्या फुगवट्यातून अशाच थर्माकोलवरून शाळेला जातात, ही बातमी आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून तिची दखल घेतली. त्याच पाण्यावर रोज कामाला जाणाऱ्या मच्छीमाराची दखल मात्र अजून व्हायची आहे.

गंगेच्या दुसऱ्या टोकाला धरणांच्या अडथळ्याचीच आणखी एक कथा आहे. समुद्रातला हिलसा पावसाळ्यात अंडी घालायला गोदावरीत चढतो आणि गोड्या पाण्यात आला, की आंध्रातले लोक त्याला पुलसा म्हणतात. त्याच्या एका माशाला हजारो रुपये मोजणारी माणसं तिकडे आहेत. १८५२ मध्ये आर्थर कॉटनच्या देखरेखीखाली धवळेश्वरमचा बंधारा पुरा झाला. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश त्याने दुष्काळातून सोडवला. कॉटनचे पुतळे तिथे आजही आदराने जपले जातात. पुलशाची वाट मात्र त्या बंधाऱ्यापाशी अडली. भाताचं कोठार आणि माशाची वाट, दोन्ही एकाच भिंतीशी येऊन थांबल्या.

वाटूर-परतूरच्या आठवडी बाजारांत समुद्र दुसऱ्या वाटेने पोचतो. सुकट आणि वाळवलेले बोंबील. वसई-वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगून उन्हात वाळवतात, आणि तो माल घाट चढून थेट मराठवाड्यात येतो. एकेकाळी पैठणचे बैलतांडे ज्या दिशेने माल घेऊन उतरायचे, तिकडूनच हा वर येतो. ज्वारीची भाकरी आणि सुकटीची चटणी हे दुष्काळी मुलखातलं जेवण टिकलं, कारण वाळलेल्या माशाला ना पाणी लागतं ना बर्फ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळी पुन्हा होड्या लोटतात. गोड्या पाण्यातल्या माशांचा विणीचा काळही हाच. पण एकदा बीज विकत आणून सोडायचं ठरलं, की नदीला स्वतःची वीण होती, ही आठवणही पुसत जाते.

ती परत आणणं अशक्य नाही. काही डोह राखीव ठेवणं, त्यांच्या वरच्या बाजूची वाळू न काढणं, आणि उन्हाळ्यात तलावातलं शेवटचं पाणी पंपाने उपसलं जाण्याआधी माशांपुरता साठा राहतो का ते बघणं, एवढ्याने मरळ आणि वाम पुन्हा दिसू शकतात. यात नवं तंत्र काही नाही. कोणता डोह राखायचा, हे मात्र नकाशावरून ठरणार नाही. त्यासाठी काठावरच्या भोयांना विचारावं लागेल.

तोवर दरवर्षीचा हिशोब पावसावर चालतो. जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही एकसारखा नाही. मृगात तलाव भरायला लागला, तर जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली सोडता येते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कटला किलोभर होतो. आषाढ-श्रावण कोरडे गेले, की बोटुकली उशिरा सुटते, वाढीचे महिने कमी पडतात आणि मार्चपासूनच पाणी उतरू लागतं. मग संस्थेला अर्धवट वाढलेला मासाच मिळेल त्या भावाने काढून विकावा लागतो. ठेक्याची रक्कम मात्र ठरल्या तारखेलाच भरायची असते.